गढीवरचं घड्याळ

आमच्या घरात एका वेळी वीस-पंचवीस घड्याळं चालायची आणि त्यातल्या दोघांचं कधी एकमत व्हायचं नाही. दिंद्रुडच्या बाजारगल्लीत पुढच्या खोलीत अण्णांचं दुकान, मधे एक जाड पडदा, मागं स्वयंपाकघर आणि त्याच्या मागं परसदार, असं सगळं एका ओळीत होतं. पडद्यामुळं इकडचं तिकडं दिसायचं नाही, पण ऐकू मात्र सगळं यायचं. भाकरी थापल्याचा आवाज दुकानात आणि टिकटिक चुलीपाशी. गिऱ्हाईक अण्णांशी बोलताना मधेच नाक वर करून म्हणायचं, "येसराची आमटी दिसती आज." येसराच्या, त्या भाजून दळलेल्या मसाल्याच्या वासापुढं पेट्रोलचा वासही हटायचा. बाकी आमच्या कपड्यांना, अंथरुणांना आणि माझ्या वेण्यांनाही पेट्रोलचाच वास होता, कारण घड्याळं धुवायची ती पेट्रोलात. शाळेत माझ्याशेजारी बसणारी मुलगी नाकाला हात लावायची आणि मी तिला मुद्दाम आणखी चिकटून बसायची.

या सगळ्या घड्याळांच्या गराड्यात माय एकटी कोरडी राहिली होती. ती घड्याळाकडं बघायची नाही. चुलीच्या बरोबर समोर भिंतीवर टोल्यांचं मोठं घड्याळ होतं, मान वर केली की दिसायचं, पण माय मान वर न करता हाक मारणार, "शके, किती वाजले गं?" मला वाटायचं, तिला घड्याळ कळतच नाही. मी मोठी शहाणी! पाटीवर वर्तुळ काढून तिला शिकवायला बसायची, हा मोठा काटा, हा लहान काटा, हा इथं आला की पाच मिनिटं झाली. ती हातातलं निवडणं न थांबवता शेवटपर्यंत ऐकून घ्यायची, "बरं" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, "शके, किती वाजले गं?" घड्याळजीच्या बायकोला घड्याळ कळत नाही, ही गोष्ट मी मैत्रिणींना हसून हसून सांगत असे. आज ती पोरगी समोर आली तर तिच्या एक थोबाडीत ठेवून देईन.

अण्णांचे हात कापायला लागले ते नेमकं कधी, हे मला सांगता येत नाही. आधी ते "थंडी हाय" म्हणायचे. मग वैशाखातही थंडी वाजायला लागली तेव्हा त्यांनी म्हणणंच सोडलं. चिमट्यात धरलेला स्क्रू उडायचा आणि आम्ही दोघं जमिनीवर पालथे पडून तो शोधायचो. असाच एकदा स्क्रू सापडला तो मी परत जागेवर बसवला, पुढचाही बसवला, आणि त्या दिवसापासून मी पडद्याच्या आतल्या बाजूला खिडकीपाशी टेबल मांडून बसायला लागले. अण्णा बाहेर गल्ल्यापाशी बसून घड्याळं घ्यायचे, हलवून बघायचे, कानाला लावायचे, "आठ दिवसांनी या" म्हणायचे. काम मी करायची आणि नाव त्यांचं व्हायचं. "पोरीनं घड्याळ उघडलं म्हणल्यावर कोण दील गं?" असं ते म्हणायचे आणि बोलताना पडद्याकडं बघायचे. ते बघणं मला तेव्हा समजलं नाही.

एक रीत मात्र अण्णांनी पहिल्या दिवसापासून माझ्या हाडीमाशी रुजवली होती. जुनं खिशातलं घड्याळ आलं की मागचं झाकण उघडायचं आणि यंत्राला हात लावायच्या आधी झाकणाच्या आतल्या बाजूच्या खुणा वाचायच्या, त्याही मोठ्यानं. जो जो घड्याळजी ते घड्याळ उघडतो तो सुईच्या टोकानं आपली एक बारीक खूण तिथं ओरखडून ठेवतो, एखादं अक्षर, एखादा आकडा. "तुज्या आधी ज्याचा हात लागला त्याला रामराम कर, मग हात लाव," असं अण्णांच्या गुरूंनी त्यांना शिकवलेलं. ते गुरू म्हणजे मायचे वडील, माझे आजोबा. हैदराबादेत काम शिकून आलेले. मी त्यांना पाहिलं नव्हतं, पण त्यांचा 'न' मी कितीतरी झाकणांत पाहिला होता. अण्णांचा 'र' तर पोत्यानं सापडायचा. माझं काम झालं की मीही 'र'च काढायची.

तर ज्या दुपारी गढीवरची जीप आमच्या दारात उभी राहिली तेव्हा मी सोळा संपून सतरात होते. शेजारच्या एका गावच्या गढीवरचे बापूसाहेब म्हणजे आसपासच्या दहा गावांत त्यांच्या शब्दाबाहेर पान हलत नसे. निवडणूक असो की लग्न, आधी गढीवर जाऊन विचारायचं. असा माणूस स्वतः आमच्या दुकानाची पायरी चढतो म्हटल्यावर मी पडद्याच्या फटीला डोळा लावला. त्यांनी तांबड्या कापडाची पुरचुंडी सोडली. आत चांदीचं, बशीएवढं नाही पण तळहात भरेल असं खिशातलं घड्याळ. काचेवर हळदीकुंकवाचे थर वाळून पापुद्रे झालेले.

"पोराचं लगीन हाय," बापूसाहेब म्हणाले. "आमच्या घरच्या अक्षदा ह्याच घड्याळावर पडत्यात, आज्ज्यापासनं. आन हे बंद पडलंय. पंधरा दिवसांत चालू पायजे."

अण्णांनी घड्याळाला हात लावला नाही, हात मागं घेतले. "माझ्याच्यानं व्हायचं न्हाई बापूसाहेब. बीडला दाखवा कुणाला तरी."

"कावून? मागं एकदा तुमीच केलतं की. आमच्या वडलांच्या टायमाला."

बापूसाहेबांनी उत्तराची वाट न बघता पुरचुंडी गल्ल्यावर ठेवली आणि जीप निघूनही गेली.

अण्णांनी ते घड्याळ दोन दिवस तसंच झाकून ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी न बोलता माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि शेजारी पाटावर बसले. मी झाकणाच्या फटीत चाकू घातला, झाकण उघडलं, आणि मला हसूच फुटलं. घड्याळ देवघरात असायचं, दसऱ्याला तलवारीबरोबर त्याची पूजा व्हायची. ते ठीक. पण गढीवरच्या कुणा भाविकानं देवाला नैवेद्य पोटात पोचला पाहिजे म्हणून झाकण उघडून आत तूप सोडलं होतं, वर कुंकू, आणि अक्षदांचे दोन तांदूळ. सगळं मिळून वाळून चाकांच्या दातांत तांबडा लगदा बसला होता. मी म्हटलं, "अण्णा, ह्याला घड्याळजी नको, भांडी घासणारीण पायजे." अण्णा हसले नाहीत. "खुणा वाच," म्हणाले.

मी बोटानं कुंकू पुसलं आणि झाकण उजेडाकडं तिरकं धरलं. सगळ्यात वर उर्दूतली एक खूण, तिला मी रामराम केला. मग आजोबांचा 'न'. त्याच्याखाली, जरा बाजूला, अगदी कोरीव सुबक असा 'गो'. असं अक्षर मी दुसऱ्या कुठल्या झाकणात पाहिलं नव्हतं. आणि त्याच्याखाली काहीच नव्हतं.

"हा गो कोण अण्णा? गोविंद का गोपाळ? आन तुमचा 'र' कुठंय? बापूसाहेब तर म्हणाले, तुमी केलतं."

अण्णा जमिनीकडं बघत होते. चुलीपाशी भाकरी थापायचा आवाज थांबला.

"त्यो माझा हाय," माय म्हणाली.

मी वळून बघितलं. ती पिठाचे हात तसेच ठेवून बसली होती, तोंड आमच्याकडं नव्हतं, भिंतीकडं होतं. मला आधी वाटलं, ती घड्याळच माझं म्हणतेय. मी म्हटलं, "काय तुझं?" ती म्हणाली, "गो. गोदा. माहेरचं नाव माझं. लग्नात बदललं. त्यो गो म्या काढलाय."

पुढचं तिनं त्याच जागी बसून, उरलेल्या भाकऱ्या थापत सांगितलं. आजोबांना मुलगा नव्हता. अण्णा त्यांच्याकडं शिकायला होते आणि मायही त्यांच्याशेजारी बसूनच शिकलेली. अण्णा खोक्याची, काट्यांची, चाव्यांची कामं करायचे, पण केसासारखी बारीक कमान असते ना, जिच्यावर घड्याळाचा श्वास चालतो, ती सरळ करावी तर मायनंच. लग्नानंतर दिंद्रुडला दुकान टाकलं तेव्हा आत, खिडकीपाशी, आज मी बसते त्याच जागी ती बसायची. मग थोरल्या मालकांचं, म्हणजे बापूसाहेबांच्या वडलांचं हे घड्याळ आलं. तिनं ते केलं. एरवी तीही 'र'च काढायची, पण ह्यात आजोबांच्या 'न'खाली तिनं आपला 'गो' काढला. घड्याळ न्यायला आलेला गडी पाणी प्यायला परसदारी गेला आणि त्यानं तिला डोळ्याला भिंग लावून बसलेली बघितलं. त्यानंतर महिन्याभरात गढीवरची थोरली सून दुसऱ्या बाळंतपणात दगावली. बापूसाहेबांची पहिली बायको ती, आता लग्न निघालेल्या पोराची आई. आणि खापर फुटलं ते घड्याळावर. देवघरातल्या घड्याळाला बाईचा हात लागला, तोही पोटुशा बाईचा, म्हणून झालं म्हणे.

"ह्यांना बोलावून नेलं," माय म्हणाली. "देवघरासमोर उभं केलं. भवती माणसं काठ्या घिऊन. हातात बेलभंडारा दिला. ह्यांनी उचलला. म्हणले, माझ्या कारभारणीनं ह्या घड्याळाला हात लावला असंल, तर तिच्या पोटातलं जगायचं न्हाई."

"पोटातलं कोण?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती. सतरा वर्षांची मी तिथं बसलेली होते.

"तूच की," माय म्हणाली. "सातवा महिना सरत आलता."

ज्या बापानं मला खांद्यावर बसवून कपिलधारची जत्रा दाखवली, ज्यानं माझ्या तापात तीन दिवस भाकर तोंडात घातली नाही, त्यानं माझ्या जिवावर खोटी आण घेतली होती. मी अण्णांकडं बघितलं. मला वाटलं, ते म्हणतील की खोटं आहे. ते म्हणाले, "लई माणसं होती गं, शकू." एवढंच. तेवढ्यात जे आहे ते आज मला समजतं. दार जळालं असतं, गाव सोडावं लागलं असतं, कदाचित जीवही गेला असता. पण त्या दिवशी काही समजलं नाही. मी ओरडले, "मग माझंच नाव कावून घेतलं? सोताचं घ्यायचं!"

"आता ओरडू नगंस," माय म्हणाली. "ह्यांनी आण घेतली ती खोटी. मग मी नारायणगडाला गेले, अनवाणी, तसल्या पोटानं. म्हणलं, देवा, झालं ते झालं. ह्यांचं बोलणं आजपासनं मी खरं करून दावते. घड्याळाला हात लावणार न्हाई आन डोळ्यानं बघणार बी न्हाई. हे जगू दे."

म्हणजे ती किती वाजले विचारायची ते माझ्यासाठी. सतरा वर्षं, दिवसातून दहा वेळा. आणि मी तिला पाटीवर काटे काढून शिकवत होते! मला रडू आलं नाही, लाज वाटली. इतकी लाज मला पुढं आयुष्यात कधी वाटली नाही, आणि लाज वाटावी असं मी पुढं बरंच केलं आहे.

दोन दिवस मी अण्णांशी बोलले नाही आणि घड्याळाला शिवले नाही. तिसऱ्या दिवशी मायनंच ताटात धपाटं वाढताना विचारलं, "करणार हायस का न्हाई? का माझा गो तुपातच कुजू द्यायचा?" मग मी बसले. आधी चावीच्या मोठ्या कमानीचा ताण उतरवला, मग चाकांना वरून धरणारा एकेक पूल, एकेक चाक काढून बशीत मांडलं. पेट्रोल तांबडं व्हायचं, ओतून द्यायचं, पुन्हा नवं घ्यायचं. लाकडाची काडी टोकदार करून प्रत्येक भोक साफ केलं. दातांतलं कुंकू काढता काढता तीन दिवस गेले आणि माझी नखं लग्नघरच्या करवलीसारखी रंगली. सगळं जोडून, सुईच्या टोकानं तेलाचा ठिपका ठिपका देऊन मी चावी दिली. घड्याळ चाललं, आणि थोड्या वेळानं थांबलं. हलवलं की चालायचं, ठेवलं की थांबायचं. पुन्हा उघडलं, पुन्हा जोडलं, तेच. लग्न चार दिवसांवर आलेलं. अण्णांना कळत होतं, पण हात चालत नव्हते आणि त्यांनी बारीक कमानीचं काम कधी केलंच नव्हतं. आता मात्र माझा धीर सुटला. उद्या घड्याळ बंद दिलं आणि गढीवरच्या लग्नात काही उणंदुणं झालं तर पुन्हा कुणाच्या हाताचं नाव निघणार, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

"लंगडतंय त्ये," माय म्हणाली. ती पाठ करून कणीक मळत होती. "ऐक की. एक टिक लांब हाय, दुसरी तोकडी."

मी कान दिला. मला तर सगळ्या सारख्याच वाटल्या.

"तुला ऐकू यायचं न्हाई आत्ताच. कमानीच्या मधल्या कड्याला एक चीर आसती. हाय? तिच्यात पातं घाल आन कडं जराकसं फिरव. उजवीकडं. जराकसं म्हंजी केसभर बी न्हाई."

मी फिरवलं. माय कणीक मळायची थांबली. "लई झालं. आता डावीकडं लंगडतंय. आर्धं मागं घे." तिनं एकदाही मान वळवली नाही. तिचा शब्द, माझा हात, पुन्हा तिचा कान, असं आमचं सकाळभर चाललं. अण्णा पाटावर बसून कधी तिच्या पाठीकडं तर कधी माझ्याकडं बघत होते. चुलीवरचं वरण लागलं, कुणी उठलं नाही. मग एकदम ती म्हणाली, "हां. आता हात काढ." आणि या वेळी मलाही ऐकू आलं, टिक आणि टाक अगदी सारख्या अंतरानं पडत होत्या. आता मी बीडला मुलाकडं असते, नातवाच्या मोबाइलमध्ये वेळ सेकंदापर्यंत बरोबर असते, पण तसा आवाज मला पुन्हा ऐकायला मिळालेला नाही.

झाकण लावण्याआधी मी सुई घेतली. 'गो'च्या खाली पहिल्यांदाच मी 'र' काढला नाही, 'श' काढला. अण्णांनी बघितलं आणि पुरचुंडीचं तांबडं कापड पुढं केलं.

बापूसाहेब आले ते तिसऱ्या दिवशी, ऐन बाराच्या उन्हात. घड्याळ कानाला लावून त्यांचा चेहरा फुलला. "अण्णा, हात हाय तुमचा!" म्हणाले. मी पडद्याआड उभी होते. अण्णांनी "तुमची कृपा" म्हणायचं आणि विषय संपवायचा, इतकं ते सोपं होतं. पण अण्णांनी दोन्ही हात गल्ल्यावर पालथे ठेवले. ते थडथड वाजायला लागले.

"हे हात बघा बापूसाहेब. ह्या हातानं व्हईल का घड्याळ? माझ्या पोरीनं केलं. आन मागल्या बारीला हिच्या मायनं केलतं. म्या तुमच्या देवघरात बेलभंडारा उचलला, ती आण खोटी होती. आता जे करायचं ते माझं करा."

बापूसाहेब गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसले, घड्याळ मुठीत तसंच. मला वाटलं, आता हे उठून मारतात. ते बोलले तेव्हा त्यांचा आवाज गढीवरच्या माणसाचा नव्हता.

"तिला कळा सुटल्या तवा गाडी जुपून दारात उभी होती, अण्णा. दवाखान्यात न्यायची. वडील म्हणले, वेळ वंगाळ हाय, दीड तास थांबा. हे घड्याळ हातात घिऊन उंबऱ्यात बसले. म्या बी बसलो त्येंच्या बाजूला. आतून तिचा आवाज येत होता आन आमी काट्याकडं बघत होतो." त्यांनी मूठ उघडून घड्याळाकडं बघितलं. "घड्याळ बराबर चाललं. एक मिनिट मागंपुढं न्हाई. दीड तास झाला तवा उठलो. तवर आवाज थांबला होता."

दुकानातली सगळी घड्याळं तेवढी वाजत होती. सतरा वर्षं ज्या घड्याळापायी माझी माय मान खाली घालून जगली, त्यात तिचा काडीचा दोष नव्हता, आणि हे त्या माणसाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. काठ्या घेतलेल्या माणसांत तोही उभा असणार. मी पडदा सारून बाहेर आले. बापूसाहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं, जिथं माय उभी होती. ते उठले आणि त्यांनी हात जोडले. मायनं जोडले नाहीत. पदराला हात पुसत ती नुसती उभी राहिली. जीप गेली. त्या लग्नाच्या अक्षदा कुठल्या घड्याळावर पडल्या, मला माहीत नाही. आम्ही गेलो नाही.

"गोदा," अण्णा म्हणाले. या नावानं त्यांनी तिला हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती. "संपलं आता. ये, बस."

माय म्हणाली, "नवस हाय माझा." मी म्हटलं, "जगले की मी! आजून किती जगायला पायजे?" ती हसली. सतरा वर्षांत तिच्या तोंडावर तसलं हसू मी पाहिलं नव्हतं, अगदी लहान पोरीचं. तिनं न्हाणीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, खसाखसा पुसले आणि माझ्या जागेवर, खिडकीपाशी येऊन बसली. टेबलावर कुणा मास्तरणीचं मनगटी घड्याळ मी उघडून ठेवलेलं होतं. तिनं भिंग उचललं, न बघता, बरोबर डोळ्याच्या खोबणीत बसवलं. चिमटा घेतला. तिचा हात मी बघत राहिले, जराही कापत नव्हता.

ती वाकली. मग आणखी वाकली. घड्याळ उचलून जवळ धरलं, लांब धरलं. भिंग काढून पदरानं पुसलं आणि पुन्हा लावलं. मग दुसऱ्या डोळ्याला लावलं. चुलीच्या धुरात गेलेली इतकी वर्षं, ती पांढुरकी बुबुळं मी रोज बघत होते, पण बघितली नव्हती.

"शके," ती हळूच म्हणाली, "दिवा लाव गं जरा."

खिडकीतून आलेलं दुपारचं ऊन तिच्या हातांवर पडलेलं होतं. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी उठून दिवा लावला.